कोकणातल्या अंगणातलं काँक्रीट: सीलर लावायचा का, कोणता आणि कधी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. राजापूरजवळ गावी घर आहे. गेटपासून पडवीपर्यंत गाडी यावी म्हणून साठ फूट लांब, दहा फूट रुंद काँक्रीट ह्या मे महिन्यात ओतून घेतलंत. पहिल्याच पावसात त्यावर हिरवं शेवाळ धरलं आणि वडील घसरता घसरता वाचले. पागोळ्या पडतात तिथे खडी दिसायला लागली, कडेकडेने पांढरा थर आला. ठाण्यातला दुकानदार म्हणतो की चकाकणारा पारदर्शक कोट मारा, सगळं थांबेल. इंटरनेटवरच्या व्हिडिओत सांगतात की सीलर, म्हणजे काँक्रीटमध्ये पाणी आणि डाग शिरू नयेत म्हणून वरून मारायचं द्रावण, नाही लावला तर काँक्रीट फुटून जाईल. म्हणून कोणता सीलर, कधी आणि दरवर्षी लावावा लागतो का, असं तुम्ही विचारलं आहे.

मी रत्नागिरी-सिंधुदुर्गात बांधकामं करतो, त्यामुळे उत्तर ह्याच हवेपुरतं देतो. ह्या पावसात काहीही लावू नका. पाऊस संपला की आधी पाण्याला वाट काढून द्या, आणि जानेवारी-फेब्रुवारीत काँक्रीट आतून वाळलं की सायलेन-सायलॉक्सेन प्रकारचा, आत मुरणारा सीलर मारा. चकाकणारा कोट घेऊ नका. पडवीकडे चढ असेल तर त्या चढावर तर मुळीच नको.

आता कारणं. तुम्ही एका सीलरकडून तीन वेगवेगळ्या तक्रारी मिटवायची अपेक्षा करताय. शेवाळाला सावली, ओल आणि वर साचलेली माती लागते. सीलरने पृष्ठभाग लवकर सुकतो, म्हणून शेवाळ उशिरा आणि कमी धरतं, इतकंच. वर फणसाची सावली असेल आणि पाचोळा कुजत पडत असेल तर जगातला कुठलाही सीलर शेवाळ थांबवणार नाही. पागोळ्यांची झीज हा पाण्याच्या माराचा प्रकार आहे. त्यावर औषध म्हणजे छपराला पन्हळ, सीलर नव्हे. आणि कडेचा पांढरा थर हा बहुतेक वेळा आतून येणारा चुना असतो. काँक्रीटमध्ये शिरलेलं पाणी सिमेंटमधला सुटा चुना विरघळवून वर आणतं, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी त्याचा संयोग होतो आणि पाणी उडालं की पांढरी पूड मागे राहते. असं काँक्रीट वरून फिल्मने, म्हणजे चकाकणाऱ्या कोटाच्या पातळ थराने, बंद केलं तर ती पूड फिल्मच्या खाली साठते, आणि मग ती पुसताही येत नाही.

व्हिडिओंबद्दल एक सांगतो, कारण हा गोंधळ खूप जणांचा होतो. ते बहुतेक अमेरिकेच्या थंड भागातले असतात. तिथे काँक्रीटच्या छिद्रांत शिरलेलं पाणी हिवाळ्यात गोठतं, गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं आणि वरची साल उडवून देतं. त्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, ते गाड्यांच्या चाकांबरोबर घरापर्यंत येतं आणि नुकसान आणखी वाढवतं. तिथल्या माणसासाठी सीलर हा खरोखरच काँक्रीटच्या आयुष्याचा प्रश्न आहे. तुमचा कोणी नातेवाईक शिकागोकडे राहत असेल तर त्याने तो व्हिडिओ जरूर ऐकावा. राजापुरात पाणी गोठत नाही. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तो सगळा चार महिन्यांत, आणि उरलेले आठ महिने ऊन. म्हणजे आपल्याकडे सीलरचं काम वेगळं आहे: पाणी कमी शोषलं जावं, डाग खोल जाऊ नयेत, समुद्र जवळ असेल तर खारी हवा आतल्या सळईपर्यंत पोहोचू नये. तुमचं काँक्रीट सीलरशिवायही उभं राहील. ते काळवंडेल, निसरडं होईल, पण फुटून जाणार नाही.

चकाकणारा कोट का नको

बाजारात जे मिळतं त्याचे ढोबळ दोन गट आहेत. एक गट वर पातळ फिल्म धरतो: अ‍ॅक्रिलिक, पॉलियुरेथेन, इपॉक्सी. दुसरा आत मुरतो, वर काहीच दिसत नाही. दुकानदाराने तुम्हाला सुचवलेला हा पहिल्या गटातला, बहुधा अ‍ॅक्रिलिक. लावल्यावर ओलं काँक्रीट दिसतं तसा गडद, देखणा रंग येतो. फोटोला छान. अडचण अशी की पावसाळ्यात जांभ्याच्या जमिनीत पाणी वर चढतं आणि काँक्रीटच्या तळातून ओल वर यायला लागते. वर फिल्म असली की ती ओल अडते. मग फिल्मला फोड येतात, ती दुधासारखी पांढरी पडते आणि पोपडे निघायला लागतात. एकदा पोपडे निघाले की नुसता नवीन हात मारून चालत नाही, जुनं सगळं खरवडून काढावं लागतं. साठ फूट खरवडायची मजुरी विचारून बघा, म्हणजे दुकानदाराची सूट विसराल.

दुसरं म्हणजे ओली अ‍ॅक्रिलिक फिल्म निसरडी असते. त्यात बारीक वाळूसारखी भुकटी मिसळून ती खरखरीत करता येते, शहरातले चांगले कारागीर तसं करतातही. पण तुमच्याकडे म्हातारी माणसं रोज त्यावरून चालणार आहेत. इपॉक्सीचं तर नावही काढू नका, ती उन्हात पिवळी पडते आणि खडूसारखी भुकटी सुटते. ती गोदामाच्या आत ठीक. अ‍ॅक्रिलिक मी बाहेर पूर्ण नाकारत नाही: देशावर, कोरड्या हवेत, खाली प्लास्टिक घालून ओतलेल्या सपाट काँक्रीटवर ते दोन-तीन वर्षं नीट राहतं, मग पुन्हा हात मारायचा. तुमची जागा तशी नाही.

सायलेन-सायलॉक्सेन काय करतं? ते छिद्रांत काही मिलिमीटर आत जातं, काँक्रीटमधल्या सिलिकेटांशी त्याची रासायनिक गाठ पडते आणि छिद्रांच्या भिंती पाणी झटकायला लागतात. अळूच्या पानावर पाणी जसं ठरत नाही, तसं. छिद्र बुजत नाहीत. त्यामुळे वरून पाणी शिरत नाही, पण खालची वाफ बाहेर पडू शकते. कोकणासाठी ही एकच गोष्ट माझ्या दृष्टीने निर्णायक आहे. रंग बदलत नाही, चमक येत नाही, घसरण वाढत नाही. घरचे विचारतील, पैसे कुठे गेले? बादलीभर पाणी ओतून दाखवा.

तिसरी एक वस्तू ह्याच शेल्फवर दिसेल: सोडियम किंवा लिथियम सिलिकेट. दुकानात तिलाही सीलरच म्हणतात. ती पृष्ठभाग कडक करते, धूळ थांबवते, पाणी मात्र झटकत नाही. तुम्हाला ती लागेल की नाही हे पुढच्या गोष्टीवर ठरेल.

तुमचं काँक्रीट कसं झालंय, ह्यावर बरंच अवलंबून आहे

मे महिन्यात ओतलं म्हणालात. कोकणात सगळे मे महिन्यातच ओततात, पावसाच्या आधी उरकायचं म्हणून. पण त्याच महिन्यात विहिरी तळाला गेलेल्या असतात आणि ऊन सगळ्यात कडक. काँक्रीटला पाणी मारायची गरज सर्वांत जास्त तेव्हाच, आणि पाणी नसतं तेही तेव्हाच. आयएस ४५६ ह्या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला किमान ७ दिवस सतत ओल हवी. राखमिश्रित सिमेंटला, ज्याला पीपीसी म्हणतात, आणि हल्ली दुकानात बहुतेक तेच मिळतं, किमान १० दिवस, आणि १४ पर्यंत न्यावी अशी शिफारस आहे. तुमच्याकडे किती दिवस गोणपाट भिजवलं हे मिस्त्रीला न विचारता शेजाऱ्यांना विचारा.

दुसरी चौकशी: ओतल्यावर वर पाणी तरंगलं तेव्हा मिस्त्रीने कोरडं सिमेंट भुरभुरून थापीने घोटलं का? आपल्याकडे ही सर्रास सवय आहे. काम गुळगुळीत दिसतं, मालक खूश होतो, आणि वरची दोन-तीन मिलिमीटर साल कायमची कमजोर राहते. पुढे तिलाच बारीक जाळीसारख्या भेगा पडतात आणि पागोळीखाली तीच आधी उडते. तुमच्या इथे पहिल्याच पावसात खडी दिसायला लागली, म्हणून मला हाच संशय आहे.

तिसरी: वाळू कुठली? खाडीची वाळू न धुता वापरली असेल तर तिच्यातलं मीठ हवेतली ओल ओढत राहतं. असं काँक्रीट कधी पूर्ण सुकल्यासारखं वाटतच नाही, ठिगळाठिगळाने गडद दिसतं. त्यावर सीलर लावण्यात अर्थ कमी. आत सळईची जाळी असेल तर तिला गंजवणारं मीठ आधीच आत बसलेलं आहे.

पाऊस संपल्यावर ह्या परीक्षा स्वतः करा. खिळ्याने ओरखडा काढा: नुसती रेघ उमटली तर ठीक, पूड निघाली आणि खाच पडली तर पृष्ठभाग मऊ आहे. तळहात घासा, हाताला राखाडी पीठ लागलं तर आधी सिलिकेट लागेल. ते मुरल्यावर, डब्यावर लिहिलेला काळ थांबून मग सायलेन. क्रम उलटा करू नका, कारण सिलिकेट पाण्यात विरघळलेलं असतं आणि पाणी झटकणाऱ्या काँक्रीटमध्ये ते शिरणार कसं? शेवटी चमचाभर पाणी टाका. मिनिटभरात शोषलं जाऊन तिथे गडद डाग पडला तर सीलर आत जाईल. पाणी तसंच थेंब होऊन राहिलं तर मिस्त्रीने आधीच काहीतरी, बहुधा आतली ओल टिकवायला मारतात ते मेणाचं क्युरिंग कंपाउंड, मारलंय. ते काढल्याशिवाय पुढचं सगळं वाया.

सीलरच्या आधीची कामं

खरं सांगायचं तर तुमचे निम्मे पैसे इथे जायला हवेत. छपराला पन्हळ लावा आणि तिचं पाणी पाइपने काँक्रीटच्या बाहेर सोडा. पाण्याचा निचरा बघा: पावसात जिथे पाणी थांबतं तिथे आत्ताच खडूने किंवा विटेच्या तुकड्याने खूण करा आणि फोटो काढून ठेवा, कारण जानेवारीत तुम्हाला ती जागा सापडणार नाही. पन्नास फुटांत एक फूट, इतका तरी आडवा किंवा उभा उतार हवा. काँक्रीटच्या दोन्ही बाजूंची माती त्याच्यापेक्षा उंच असेल तर ती उतरवा, नाहीतर लाल चिखल दर पावसात वर येणार आणि त्याच्यावरच शेवाळ धरणार.

चढाचा भाग घोटून गुळगुळीत केला असेल तर त्याला छिन्नीने टाकी मारून घ्या किंवा कटर मशीनने तिरक्या खाचा पाडून घ्या, पाणी एका बाजूला उतरेल अशा. वडिलांचं घसरणं ह्याने थांबेल. सीलरने नाही.

भेगा ठरलेल्या जागीच पडाव्यात म्हणून सांधे कापले आहेत का तेही तुम्ही लिहिलेलं नाही. चार इंच जाडीच्या काँक्रीटला साधारण आठ ते दहा फुटांवर, जाडीच्या एक चतुर्थांश खोल काप हवा. तो ओतल्यानंतर दुसऱ्या दिवसापर्यंत घ्यायचा असतो. घेतला नसेल तर काँक्रीटने स्वतःच वाकड्यातिकड्या भेगा पाडून घेतल्या असतील. केसाएवढ्या बारीक, न वाढणाऱ्या भेगांची काळजी करू नका. रुंद होत जाणारी भेग, किंवा जिच्या दोन्ही कडा वरखाली झाल्या आहेत अशी भेग म्हणजे खालचा भराव बसतोय. जांभ्याचा भराव न ठोकता वर काँक्रीट केलं की असं होतं, आणि ते सीलरच्या आवाक्यातलं नाही. हलणारे सांधे पॉलियुरेथेन सीलंटने, म्हणजे रबरासारख्या लवचीक भरावाने, भरा, सिमेंटच्या लगद्याने नाही. लगदा एका उन्हाळ्यात सुटतो.

सफाईचं बोलू. गणपतीला तुम्ही गावी याल तेव्हा शेवाळ सगळ्यात जोरात असेल, तेव्हा आत्तापुरतं हे करा. बादलीभर पाण्यात दोन मुठी ब्लीचिंग पावडर कालवून निवळू द्या, वरची निवळ पावसाच्या उघडीपीत ओता, पंधरा-वीस मिनिटांनी खराट्याने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. ओघळ विहिरीकडे किंवा झाडांच्या मुळांशी जाऊ देऊ नका. ह्यासोबत संडास साफ करायचं अ‍ॅसिड कधीही वापरू नका: दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि तो जिवावर बेततो. नुसतं अ‍ॅसिडही नको, ते शेवाळाबरोबर सिमेंटही खातं. पांढरा थर कोरड्या ब्रशने घासून झाडून काढा, पाण्याने धुतलात तर तो पुन्हा आत जिरतो. प्रेशर वॉशर चालेल, पण धार पसरट ठेवा आणि नोझल फूटभर लांब धरा. मऊ सालीवर जवळून धार मारली तर पट्टे कोरले जातात आणि ते कायम दिसतात.

लावायची वेळ आणि पद्धत

पाऊस ऑक्टोबरच्या सुरुवातीला जातो, पण काँक्रीट लगेच वाळत नाही. प्लास्टिकचा हातभर चौकोनी तुकडा चारी कडांनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी खाली दव धरलं असेल किंवा काँक्रीट गडद झालं असेल तर अजून थांबा. माझा अनुभव असा की सावलीच्या जागी हे डिसेंबर संपेपर्यंत होत नाही. म्हणून जानेवारी-फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये काँक्रीट इतकं तापतं की द्रावण आत मुरायच्या आधी उडून जातं.

धुतल्यानंतर दोन-तीन दिवस कडक वाळू द्या. सकाळचं दव उडाल्यावर, साधारण दहाला सुरू करा. आंबा-काजूवर मारायचा पाठीवरचा पंप चालतो, मात्र तो नवीन किंवा ह्याच कामाला ठेवलेला हवा. तणनाशकाचा नको, आणि नंतर परत बागेत नको. कमी दाबाने, खालच्या टोकापासून वर, काँक्रीट भिजून क्षणभर चमकेल इतकं मारायचं. पहिला हात मुरला पण सुकला नाही, एवढ्यात दुसरा. डबकं साचलं तर लगेच फडक्याने पसरवून टिपा, नाहीतर तिथे चिकट पांढरट डाग राहतो. भिंतीच्या टाइल, खिडकीच्या काचा, गाडी आणि तुळस झाकून ठेवा. काचेवर उडालेलं निघता निघत नाही. सॉल्व्हंटमधला, म्हणजे पेट घेणाऱ्या द्रवात कालवलेला, माल असेल तर मास्क, हातमोजे आणि कामगारांच्या विड्या लांब. घरात माणसं राहत असताना मी पाण्यातला मालच घेतो, थोडा कमी खोल जातो पण वास नाही. चोवीस तास पाणी नको, गाडी दोन दिवस बाहेर.

आता ह्याने काय होणार नाही, तेही ऐका, कारण नंतर लोक मलाच फोन करतात. स्कूटरचं तेल सांडलं तर डाग पडेल, साधं सायलेन तेल अडवत नाही. तेल अडवणारे फ्लोरोपॉलिमर असलेले प्रकार मिळतात, महाग असतात. त्यापेक्षा स्कूटरखाली पत्रा ठेवा. आणि ह्या काँक्रीटवर तुमच्या आई उन्हाळ्यात आमसुलं वाळत घालणार असतील, तर कोकमाचा रस आंबट आहे. आम्ल सिमेंट खातं, सीलर लावलेलं असो वा नसो. ताडपत्री घाला, त्यावर चटई. खाण्याच्या वस्तू थेट सीलर लावलेल्या जागेवर पसरू नयेतच, असं मी म्हणेन.

दरवर्षी लावायची गरज नाही. चांगला मुरलेला सायलेन-सायलॉक्सेन पाच-सहा वर्षं काम देतो, उन्हापावसाच्या आणि चाकांच्या पट्ट्यात थोडा कमी. एक-दोन वर्षांत वर थेंब तयार होणं बंद होईल, तेव्हा घाबरून नवा डबा आणू नका. वरचा थर उन्हाने आणि चालण्याने जातो, आतला राहतो. परीक्षा गडद डागाची: पाणी टाकून काही मिनिटांनी पुसा, काँक्रीट गडद झालं नसेल तर सीलर जिवंत आहे.

तुमचं क्षेत्रफळ सहाशे चौरस फूट, म्हणजे सुमारे छप्पन्न चौरस मीटर. दोन्ही हात मिळून वीस लिटरच्या आसपास लागेल, पृष्ठभाग फार पोकळ असेल तर जास्त. पण वीस लिटरचा ड्रम आधी उचलू नका. लिटरभराची बाटली आणा, त्यातलं लागेल तेवढंच घेऊन गेटजवळ तीन फूट बाय तीन फुटांचा एक तुकडा आणि झाडाच्या सावलीत तसाच दुसरा करून बघा, आठवड्याने दोन्हींवर पाणी टाका. सावलीतला तुकडा गडद झाला आणि गेटजवळचा नाही, तर सावलीतली जागा अजून ओली आहे. मग तेवढ्या भागापुरतं फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत थांबा.